पोचल्याची रिंग

१

“सही तुझी आहे, आई. सगळ्या पानांवर. आणि आता तूच म्हणतेस, टॉवर उतरवा?”

“माझी आहे म्हणूनच म्हणतेय. दुसऱ्याच्या सहीवर मी कधी बोलले?”

मुकुल उभा होता, श्यामलाबाई बसल्या होत्या आणि दोघांच्या मध्ये, जेवणाच्या टेबलावर, त्यांचा बटणांचा जुना मोबाइल पडला होता. रविवारची दुपार, पावणेदोन. मुकुल आणि प्रतिमा व्हाइटफील्डला कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवून नुकतेच परतले होते. मुकुलच्या अंगात अजून रेशमी झब्बा होता, आणि रेशमी झब्ब्यातला माणूस भांडायला लागला की जरा विनोदीच दिसतो. एरवी श्यामलाबाईंनी ते बोलूनही दाखवलं असतं.

“गल्लीतल्या लोकांनी विरोधाचे बोर्ड रंगवले तेव्हा त्यांना वेड्यात कुणी काढलं? तू! समोरच्या काकूंना चारचौघांत विचारलंस, की राउटरला तुळशीची पानं चिकटवलीत, त्यानं लहरी मरतात की नुसत्या बाटतात?”

“विचारलं. आजही विचारीन.”

“मग आता काय झालं? मीटर तू स्वतः हातात धरून वाचलंस. काही बदललंय का त्यात?”

“मीटरमध्ये नाही.”

“मग?”

“ईरा आजपासून त्या खोलीत राहणार नाही. आणि ते खांब उतरवायचे.”

“पुन्हा तेच!” प्रतिमा बाहेरचा जिना उतरून दारात आली. तिच्या हातात दहीभाताचं रिकामं पातेलं होतं. “आई, बारावीचं वर्ष आहे तिचं. आत्ता तिच्यापुढे ताट ठेवून आले. पाठमोरी बसलीये टेबलाशी. मान वर केली नाही पोरीनं, नुसतं ‘हं’ म्हणाली. इतकं मन लावून चाललंय, त्यात तुमचं हे.”

श्यामलाबाईंचा हात मोबाइलवर गेला आणि तिथेच राहिला.

“काय म्हणाली?”

“‘हं’ म्हणाली. का?”

“काही नाही.”

त्या रिंगची वाट बघत होत्या.

२

जे. पी. नगरातलं हे घर दामोदरांनी बांधलं. सरकारी कारखान्यात रडारवर तीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या आधी तीन मजले उभे केले. खाली श्यामलाबाई, मध्ये भाडेकरू, दुसऱ्या मजल्यावर मुलगा मुकुल, सून प्रतिमा आणि नात ईरा. त्यावर गच्ची. जिना बाहेरून, अडतीस पायऱ्यांचा. दामोदर जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्यांच्यामागे श्यामलाबाईंचे गुडघे गेले, तेव्हापासून त्या वर जात नसत.

श्यामलाबाई सातवी शिकलेल्या. कऱ्हाडहून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना कन्नडही येत नव्हतं आणि इंग्रजीही. नवरा कारखान्यात गेला की त्या त्याची पुस्तकं काढून बसायच्या. इंग्रजी अक्षरं त्या सर्किटच्या आकृत्यांवरून शिकल्या. कुणी शिकवलं नाही, त्यांनी कुणाला विचारलं नाही. दोन वर्षांत गल्लीतले बिघडलेले ट्रान्झिस्टर त्यांच्याकडे यायला लागले आणि शेजारच्या कन्नड बायका त्यांना ‘रेडिओ अक्का’ म्हणू लागल्या. लहरींच्या पगारावर ज्या बाईनं संसार केला, ती लहरींना काय भिणार?

म्हणून मोबाइल टॉवरची माणसं आली तेव्हा श्यामलाबाईंनी करार स्वतः वाचला, चष्मा पुसून पुसून, दोन दिवस. तंत्रज्ञाला म्हणाल्या, मीटर आण. त्यानं आणलं. “अम्मा, लिमिटच्या खूप खाली आहे, भ्यायचं कारण नाही,” तो म्हणाला. त्यांनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि त्या दिवशी, गुडघ्यांना शिव्या घालत, अडतीस पायऱ्या चढल्या. गच्चीच्या थेट खाली ईराची खोली. तिच्या पलंगावर पाच मिनिटं मीटर मांडीवर घेऊन बसल्या. आकडा पाहिला. खाली येऊन सही केली.

गच्चीवर चार खांब उभे राहिले, त्यांना उभट पांढरी खोकी लागली, आणि एक करडं लोखंडी कपाट आलं. ते दिवसभर गुणगुणायचं. आठवडाभरात तो आवाज घरातल्या फ्रिजच्या आवाजासारखा झाला. असतो, पण ऐकू येत नाही.

आता या घराची एक जुनी रीत. जो कुणी कुठे पोचेल त्यानं एक रिंग द्यायची आणि कापायची. एक रिंग म्हणजे ‘पोचले’. ती उचलायची नाही. काही बोलायचं असेल तर दोनदा फोन करायचा, तो उचलायचा. फोनला पैसे पडायचे त्या काळातली ही रीत. आता कुणाला पैसे पडत नाहीत, पण श्यामलाबाईंच्या घरात ती चालूच राहिली. मुकुल ऑफिसला पोचला, एक रिंग. प्रतिमा बँकेत पोचली, एक रिंग. ईरा तिसरीत असल्यापासून शाळेतून येऊन जिना एकटी चढायची आणि वर कडी लावली की आईनं घरात ठेवलेल्या फोनवरून आजीला एक रिंग द्यायची. आज ती सतरा वर्षांची घोडी झाली तरी द्यायची. संध्याकाळच्या त्या रिंगनंतर श्यामलाबाईंचा चहा. त्याआधी घोटभरही नाही.

३

ऑगस्टातला एक मंगळवार. चारच्या ठोक्याला रिंग आली. पडद्यावर ‘ईरा’. श्यामलाबाईंनी आधण ठेवलं, आलं किसलं, कप घेऊन खिडकीशी बसल्या. चहा अर्धा झाला आणि फाटक वाजलं. ईरा आत आली. पाठीवर दप्तर, केस घामानं चिकटलेले. खिडकीतून हात हलवून ती जिन्याकडे वळली. दोन मिनिटांनी पुन्हा एक रिंग. ‘ईरा’.

“अगं, दोनदा काय देतेस?” त्यांनी संध्याकाळी विचारलं.

“एकदाच दिली गं आजी. वर गेल्यावर.”

श्यामलाबाई नाटकी बाई नव्हेत. फोन म्हातारा झालाय, त्यांनी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी पहिली रिंग चारला पाच कमी असताना आली, गुरुवारी साडेतीनला. ईरा मात्र रोजच्या वेळेला, सव्वाचारला, फाटकातून आत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या चौकटीत, बारीक आकडे लिहायला सुरुवात केली.

मुकुल हसला. “नेटवर्क आहे, आई. मिस कॉल कधी कधी मागाहून दिसतो.”

“मागाहून. कबूल. पण आधी कसा दिसेल?”

“म्हणजे?”

“जी पोचलीच नाही, तिची पोचल्याची रिंग आधी कशी येईल? तुझं नेटवर्क उशीर करेल, घाई कशी करेल?”

मुकुलनं खांदे उडवले. त्याच्याकडे मीटिंग होती. त्याच्याकडे नेहमी मीटिंग असते.

सप्टेंबरात मधल्या मजल्यावरचे आप्पाजी घर सोडतो म्हणून सांगायला आले. हुबळीकडचे, मराठी-कन्नड मिसळून बोलणारे. बायकोचं डोकं दुखतं, झोप येत नाही, डॉक्टर म्हणतात काही नाही. “टॉवर बंदाग्निंद हीगे, अक्का. टॉवर आल्यापासून असंच.”

“मीटर बघा हवं तर,” श्यामलाबाई ताठपणे म्हणाल्या.

“सरी, मीटर बरोबर असेल.” आप्पाजी उठता उठता थांबले. “आणि तुमची नात. ती दिवसभर चालते हो वर. स्वल्प चालते, स्वल्प थांबते. पुन्हा चालते. कॉलेज सोडलं का तिनं?”

“कॉलेजला जाते ती. रोज.”

आप्पाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. “सरी,” ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

मधला मजला रिकामा झाला आणि घर पोकळ झालं. आता वरचं खाली ऐकू येऊ लागलं. कपाटाची गुणगुण. दुपारी, सगळे बाहेर असताना, खुर्ची सरकल्याचा आवाज.

४

दामोदरांचं एक तंत्र होतं. सेट बिघडला की एकेक भाग काढून बाजूला ठेवायचा. जो काढल्यावर बिघाड थांबतो, तो दोषी. श्यामलाबाईंनी तेच केलं. आधी स्वतःचा फोन बदलून पाहिला, मग सिम. रिंग येतच राहिली. मग एका सकाळी त्या ईराला म्हणाल्या, “आजचा दिवस तुझा फोन माझ्याकडे ठेव.”

“आजी, वेड लागलंय का तुला?”

“लागलं असेल. ठेव.”

ईरानं ठेवला. एवढ्या पटकन ठेवला, याचंच त्यांना वाईट वाटलं. महिन्याभरात पोरगी ओढल्यासारखी झाली होती. डोळ्यांखाली काळं, हाताची हाडं वर आलेली. प्रतिमानं तिचं रक्त तपासून आणलं, सगळं नॉर्मल. झोप लागत नाही म्हणायची. पडलं की डोक्याशी कुणीतरी हळूहळू श्वास घेतंय असं वाटतं, म्हणायची, आणि मग स्वतःच म्हणायची, “ते कपाट असेल गं.”

दुपारचे दोन. ईरा कॉलेजात. तिचा फोन टेबलावर, पडदा काळा. शेजारी श्यामलाबाईंचा फोन. त्या समोर बसून वाटाणे सोलत होत्या.

त्यांचा फोन वाजला. ‘ईरा’.

ईराचा फोन तसाच. काळा, थंड. त्यांनी त्यावर तळवा ठेवून पाहिला.

आणि त्या दिवशी श्यामलाबाईंनी घराची रीत मोडली. रिंग उचलली.

आधी काहीच नाही. मग पंख्याचा आवाज. दर फेरीला ‘टक्’ करणारा पंखा. तो पंखा त्या ओळखत होत्या. दामोदरांनी स्वतःच्या हातानं लावलेला, ईराच्या खोलीतला. कागद उलटल्याचा आवाज. पुन्हा टक्. टक्. श्यामलाबाई बोलल्या नाहीत. पण त्यांचा श्वास पलीकडे गेला असावा, कारण तिकडचं सगळं एकदम थांबलं. लपाछपीत ज्याच्यावर राज्य तो जवळून गेला की लपलेलं पोर जसं गप्प होतं, तसं. कुणीतरी ऐकत होतं, कोण ऐकतंय ते.

फोन पलीकडून कापला गेला.

वाटाणे जमिनीवर सांडले होते. ते कधी सांडले, त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी किल्ली घेतली आणि जिना चढल्या. प्रत्येक पायरीला स्वतःला सांगत होत्या, की लहरी म्हणजे लहरी, त्यांना हात नसतात, पाय नसतात. आवाज नेणं आणि आणणं एवढंच त्यांना येतं. कुलूप लावलेलंच होतं. आत शांत. ईराच्या खोलीत पंखा बंद होता, पण पाती अजून मंद फिरत होती. खुर्ची मागे सरकवलेली. वहीवर पेन. पेनचं टोपण चावायची ईराची सवय. लहानपणापासून ती काही सुटली नाही.

श्यामलाबाईंनी टोपण उचललं. ते ओलं होतं.

५

त्या कुणाला बोलल्या नाहीत. काय बोलणार? ज्या बाईनं गल्लीला हसून सही केली, तिनं आता ओल्या टोपणाची गोष्ट सांगायची? अभिमान म्हणा. त्याची किंमत पोरीनं दिली, हे पुढे त्यांनी स्वतःलाच दहा वेळा ऐकवलं.

ऑक्टोबरात प्रतिमा खुश होती. “ईरा किती शहाणी झालीय हल्ली, आई! पूर्वी जेवायला दहा हाका मारायला लागायच्या. आता ताट ठेवलं की ‘हं’ म्हणते, बघावं तर ताट साफ.”

त्याच संध्याकाळी ईरा क्लासवरून आली, वर जाऊन लगेच उतरली आणि श्यामलाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. समोर पोळीचा डबा होता. तिनं एकामागून एक तीन पोळ्या कोरड्याच खाल्ल्या.

“अगं, सावकाश! वर जेवली नाहीस?”

“वर गेले होते. आई म्हणाली, आत्ताच तर जेवलीस.” ईरानं मान वर केली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. “आजी, काल पण म्हणाली. परवा पण. मी जेवले असेन का गं? मला आठवत नाही. सगळे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन आहे.”

श्यामलाबाईंनी तिला कुशीत घेतलं. हाताला पोरीच्या बरगड्या लागल्या. वर, दोन मजले वर, कुणीतरी खुर्ची सरकवली. ईरानं छताकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, “आई काय करतेय गं वर?”

प्रतिमा त्या वेळी अंगणात कपडे काढत होती. दोघींना खिडकीतून दिसत होती.

तो शुक्रवार. रविवारी सकाळी मुकुल-प्रतिमा व्हाइटफील्डला निघाले आणि साडेदहाला श्यामलाबाईंनी ईराच्या पिशवीत दोन ड्रेस भरले. त्यांची मुलगी आसावरी देवनहळ्ळीला, किल्ल्याच्या पलीकडच्या नव्या लेआउटमध्ये राहते. मागे अजून द्राक्षांचे मळे आहेत, छपरावर काही नाही.

“आत्याकडे मला दोन दिवस नुसतं झोपायचंय,” ईरा म्हणाली. “आईला काय सांगशील?”

“आईचं मी बघते. विमानतळाची बस धर, आत्या चौकात घ्यायला येईल. आणि हे बघ, पोचल्यावर तुझ्या फोनवरून रिंग द्यायची नाही. आत्याच्या फोनवरून करायचा. दोनदा. मी उचलीन. तुझ्या तोंडानं सांगायचंस.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

रिक्षा वळेपर्यंत त्या फाटकात उभ्या राहिल्या. मग आत येऊन बाहेरच्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. कुणी वर गेलं नाही, कुणी खाली आलं नाही.

सव्वा वाजता मुकुल-प्रतिमा परतले. आणि दीड वाजता, श्यामलाबाई आत मुकुलशी बोलत असताना, प्रतिमा दहीभाताचं पातेलं घेऊन वर गेली.

६

“तुम्हाला ती तुमच्याजवळ हवीये, एवढंच आहे हे,” प्रतिमा म्हणत होती. तिचा आवाज चढला होता. “सरळ सांगा ना. टॉवरच्या नावावर का ढकलता?”

“प्रतिमा, जरा हळू बोल.”

“का हळू? इथे कोण ऐकतंय?”

श्यामलाबाईंनी छताकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी त्यांना मान आवळून धरावी लागली. दोन वाजायला आले होते. बोलावं, तर खात्री हवी. पोर बस चुकली म्हणून परत आली असेल, गुपचूप वर गेली असेल, आपला डोळा लागला असेल खुर्चीत. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. डोळा लागणं काही अशक्य नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. देवा, तसंच असू दे. एकदा तरी मी चुकीची असू दे.

“आई, अॅग्रीमेंट पाच वर्षांचं आहे,” मुकुल समजुतीच्या सुरात म्हणाला. “आणि हे नॉन-आयोनायझिंग रेडिएशन असतं, तूच मला शिकवलंयस. शरीराला काही करत नाही.”

“शरीराचं मी बोलतच नाहीये.”

“मग कशाचं बोलतेयस?”

फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. पडद्यावर ‘आसावरी’.

श्यामलाबाईंनी तो कानाशी घट्ट धरला. आधी वाऱ्याचा आवाज, मग एक कुत्रं, मग ते ओळखीचं, पेंगुळलेलं, भुकेलं बोलणं. “आजी, पोचले गं. बस विमानतळापाशी तासभर रखडली. आत्यानं थालीपीठ लावलंय. मी खाते आणि झोपते, चालेल?”

“चालेल, बाळा,” त्या म्हणाल्या. “पोटभर खा.”

त्यांनी फोन खाली ठेवला. गच्चीवरची गुणगुण थांबली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा थांबली होती आणि म्हणून पहिल्यांदा नीट ऐकू येत होती.

“आसावरीताईंना मध्ये घेऊ नका आता,” प्रतिमा म्हणाली. “थांबा. तिलाच विचारू, तिला कुठे राहायचंय. तिच्या तोंडून ऐका म्हणजे झालं.”

“प्रतिमा, नको!”

पण प्रतिमा दारात पोचली होती. जिन्याच्या कठड्याला हात लावून, मान वर करून, रोजच्यासारखी, आईच्या हक्काच्या आवाजात ओरडली, “ईरा! ए ईरा! खाली ये बरं जरा, आजी बोलावतेय!”

“हं,” वरून आलं.

खुर्ची सरकली. दार उघडलं. मग पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं. मग जरा थांबून, नव्यानं शिकल्यासारखं, दुसऱ्या पायरीवर.

“बघा,” प्रतिमा हसून मागे वळली, “किती शहाण्यासारखी येतेय,” आणि सासूचा चेहरा पाहून तिचं हसू अर्धं राहिलं. मुकुलनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं. श्यामलाबाई टेबलाचा आधार घेऊन उठल्या, दारापाशी गेल्या, सुनेचा हात धरून तिला आत ओढलं, दाराची कडी घातली आणि म्हणाल्या,

“ईरा सकाळीच देवनहळ्ळीला आसावरीकडे गेलीये, आत्ता मी तिच्याशीच बोलले, तू हाक कुणाला मारलीस?”